सबाह अल-सालेममधली भरती

१

कुवेतच्या उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ उघडला तर हाताला चटका बसतो. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर उन्हात तापतात, म्हणून जूनपासून आम्ही गिझर बंद ठेवायचो आणि गिझरचा नळ गार पाण्यासाठी वापरायचो. माझ्या सासूबाईंना, गोदूबाईंना, ही गोष्ट फार गमतीची वाटायची. "उलटी दुनया गो तुमची," असं म्हणून त्या हसायच्या.

त्या आल्या २००५च्या जूनमध्ये, माझ्या बाळंतपणासाठी. आम्ही सबाह अल-सालेम या उपनगरात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. माझा नवरा दिनकर एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता. सकाळी कंपनीची बस त्याला न्यायची, ती संध्याकाळी आणून सोडायची. मी दवाखान्यातली रिसेप्शनची नोकरी सोडली होती. दिवसभर घरात आम्ही दोघीच.

सासूबाईंनी रायगडातलं धाकटीखार हे आपलं गाव पावसाळ्यात कधी म्हणजे कधीच सोडलं नव्हतं. इथे त्यांना हॉल आवडायचा नाही. स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या अरुंद पॅसेजमध्ये फरशीवर पाय पसरून त्या तांदूळ निवडायच्या. जेवणं झाली की मला तिथेच बसवून माझे सुजलेले पाय मांडीवर घ्यायच्या आणि तेल लावायच्या. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. त्यानंतर माझ्या पायांना असा हात कुणी लावला नव्हता.

अशाच एका दुपारी तेलाचे पाय धुवायला मी बाथरूममध्ये गेले आणि दचकले. फरशी बर्फासारखी गार होती. बाहेर उन्हात डांबर मऊ झालेलं, आणि माझी पावलं गारठली होती. फरशी ओलीही होती. सकाळपासून तिथे कुणी पाणी वापरलं नव्हतं.

एसीचं पाणी मुरत असेल, असं म्हणून मी पुसून घेतलं.

२

दोन-चार दिवसांनी वास सुरू झाला. मी चिंचवडची, मला तो तुंबलेल्या गटाराचा वाटला. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, इजिप्तचा होता. तो तार घेऊन आला, मोरीच्या जाळीत घालून फिरवली, वाकून हुंगलं आणि "माफी मुश्किल, मॅडम," म्हणजे काही बिघाड नाही, असं म्हणत निघून गेला.

संध्याकाळी दिनकर आला, बाथरूमच्या दारात थांबला आणि तसाच उभा राहिला. खांद्यावरची बॅगही त्याने उतरवली नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"हा गटाराचा वास नाही गं."

"मग?"

"खाजणाचा आहे. ओहोटीला खाडी उतरली की चिखल उघडा पडतो ना, त्याचा." मग तो स्वतःशीच हसला. "समुद्र जवळच आहे म्हणा. पाइपातून येत असेल."

मला ते पटलं. समुद्र खरंच दूर नव्हता.

पण आवाजाचं काय करायचं, हे कळेना. पाणी तुंबल्यावर नळ्या गुरगुरतात तसला तो नव्हता. जाळीखालून, फार खोलातून, आधी काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं. मग जड लाकूड पाण्यात आपटावं तसा एक बोथट धपका. फरशीतून तो तळपायांना कळायचा. पोटातलं बाळ त्या वेळी हमखास हलायचं.

३

"आवाज येतो ना तुम्हाला?" मी एकदा सासूबाईंना विचारलं.

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "दाराचा हाय तो."

"कुठल्या दाराचा?"

"आमच्या उघाडीच्या."

मग तांदूळ निवडता निवडता त्यांनी मला उघाडी सांगितली. धाकटीखारची भातशेती खाडीच्या पातळीपेक्षा खाली आहे. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधाच्या पोटात दगडी कमानीत बसवलेलं लाकडाचं दार. फार जुनं, कुणी बांधलं ते गावात कुणालाच ठाऊक नाही. दाराला कडी नाही की कुलूप नाही. भरतीचं पाणी चढलं की तेच दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं.

"म्हणजे आपोआप चालतं," मी म्हटलं.

"आपोआप कसं चालंल? ओंडका अडकतो, फांदी अडकते. मग दार लागत नाय. खारं पानी एकदा शेतात आलं की तीन-चार वर्षं भात नाय व्हत. म्हनून मानूस लागतो दारावर. आमच्यात दिनकरचे बाबा व्हते."

माझे सासरे, जगन्नाथ, दिनकर लहान असताना वारले एवढंच मला माहीत होतं. कसे, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"उधानाची भरती व्हती," त्या म्हणाल्या. "दारात कायतरी अडकलं. ते उतरले. सगळा गाव बांधावर उभा. पानी उतरलं तेव्हा दार बंद व्हतं. ते नव्हते."

"सापडले नाहीत?"

"नाय."

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "मी रोज संध्याकाळी दारावर जाते. दोन शब्द बोलते. निघताना पन सांगून आले व्हते, सुनेचं बाळंतपन हाय म्हनून. पन त्या दिवशी वारा लय व्हता. त्यांना ऐकू गेलं नसंल."

४

मी घाबरले नाही. मला त्यांची कणव आली. एवढी वर्षं एकटीने काढल्यावर माणूस भिंतीशीही बोलू लागेल. आवाजाचं म्हणाल तर जुनी इमारत, जुने पाइप.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती आली नसती तर बरं झालं असतं. आवाज रोज थोडा उशिराने येत होता. जेवणाच्या आधी यायचा तो जेवणानंतर येऊ लागला, मग चहाच्या वेळेला. शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन असं सरकत नाही. भरती सरकते, हे मला दिनकरकडून कळलं.

इथल्या इंग्रजी पेपरात भरतीच्या वेळा छापून येतात. मी त्या पाहू लागले. कुवेतच्या समुद्राशी आमच्या बाथरूमची वेळ एकदाही जुळली नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये झुलेखा राहायची, श्रीवर्धनकडची. तिचा नवरा कासम याचं खाली किराणा दुकान होतं. ती माझ्यासाठी पापलेट तळून आणायची. एका दुपारी बशी माझ्या हातात देऊन ती हात धुवायला बाथरूमकडे वळली आणि उंबऱ्यावरच थबकली.

"प्रियंका, आत कोन हाय?"

"कुणी नाही. का गं?"

"दिवा बंद हाय ना?" तिने एक पाऊल मागे घेतलं. "आमच्या गावाला पन हाय गे असं बांधाचं दार. लहानपनी आम्हाला तिकडे जाऊ देत नव्हते." तिने ओढणी डोक्यावर घेतली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि हात न धुताच गेली. नंतरही ती मला प्रेमाने खाऊपिऊ घालत राहिली, पण तिच्या घरी बोलावून.

५

जुलैत सासूबाई बदलल्या. दुपारी मी आडवी झाले की त्या बाथरूमच्या दाराशी जाऊन बसायच्या आणि हलक्या आवाजात बोलायच्या. भांडण नव्हे, आर्जव. शब्द कळायचे नाहीत. मधे थांबायच्या, समोरच्याला बोलू द्यावं तसं. मग धपका व्हायचा, आणि त्या पुन्हा बोलायला लागायच्या.

त्यांच्या लुगड्याचा काठ ओला असायचा. एकदा मी तो धुवायला घेतला तर त्याला राखाडी, लोण्यासारखा मऊ चिखल लागला होता. कुवेतमध्ये मी वाळू पाहिली होती, धूळ पाहिली होती. असा चिखल कुठेच पाहिला नव्हता.

"आईंना डॉक्टरला दाखवायचं का?" मी दिनकरला विचारलं.

"काय सांगायचं डॉक्टरला?"

"बाथरूमशी बोलतात म्हणून."

"तिला परत पाठवू का? तू एकटी पडशील."

परत पाठव, असं माझ्या तोंडून निघेना. रात्री मला कळ आली की माझ्याआधी त्या जाग्या व्हायच्या. "काय नाय गो, काय नाय," म्हणत पाठ चोळायच्या. त्यांचे हात मात्र हल्ली सतत गार असायचे.

६

जुलैच्या शेवटी टीव्हीवर मुंबईचा पाऊस दिसू लागला. बसच्या टपावर बसलेली माणसं, छातीभर पाण्यातून चाललेली माणसं. रायगडातही तसंच, असं खाली पट्टीत येत होतं. दिनकर कामावर होता. मी गावाला, त्याचा चुलतभाऊ लक्ष्मीकांत याच्या घरी, फोन लावत राहिले. लाइन मेलेली.

सासूबाई टीव्हीसमोर उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, "दारावर कोनी नाय."

"आई?"

"गो, ते तर हितं हायत. मग दारावर कोन हाय?"

त्यांच्या तोंडावर मी तोवर कधी भीती पाहिली नव्हती. त्या जवळजवळ पळतच पॅसेजमध्ये गेल्या. मी भिंतीला धरून मागून निघाले. बाहेर ऊन रणरणत होतं. पॅसेजमध्ये मात्र ओली, दमट हवा, आणि तो वास एवढा की मी नाक दाबून धरलं.

बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. सासूबाई उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या राहून बोलत होत्या, आणि या वेळी मला प्रत्येक शब्द कळला.

"अवं, हितं कशाला आलात? मी काय पळून गेले व्हय? सुनेचं व्हईपर्यंत ऱ्हाते आनि येते. जावा आता. तिकडं पानी चढलंय. लेकरंबाळं हायत गावात. जावा."

धपका झाला. माझ्या पोटात बाळाने असा हिसका दिला की मी खाली बसले.

खाली बसल्यामुळेच मला दाराच्या फटीतून आत दिसलं. आत पांढऱ्या फरश्या असायला हव्या होत्या. तिथे पाणी होतं. मातकट पाणी, बेसिनच्या उंचीपर्यंत, उंबऱ्यापाशी सरळ थांबलेलं. इकडे एक थेंब नाही. आणि त्या पाण्यात एका माणसाची पाठ होती. उघडी, ओली, काळपट. तो पलीकडच्या कशाला तरी खांदा लावून उभा होता, आणि त्याचे खांदे थकलेल्या माणसाचे थरथरतात तसे थरथरत होते.

"काय?" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "नातवंड बघायचंय? एवढंच ना? बघाल. मी घेऊन येते. दारावर घेऊन येते, शब्द हाय माझा. पन आता जावा. जावा ना."

त्यांनी हात पुढे केला. तो पाठीला लागला की नाही, मला दिसलं नाही. त्यांनी दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने मी ते उघडलं. फरश्या कोरड्या होत्या. पाय टेकवला तर तापलेल्या होत्या, जुलैत असायला हव्यात तशा.

७

दोन दिवसांनी लक्ष्मीकांतचा फोन लागला. शेजारच्या गावांचे बांध फुटले होते, शेतंच्या शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली होती. धाकटीखारमध्ये सकाळपासून उघाडीचं दार लागत नव्हतं. माणसं दोर लावून थकली. पाणी घरांच्या जोत्यांना लागलं. मग दुपारनंतर दार आपणहून बंद झालं.

"ओंडका सुटला असंल," लक्ष्मीकांत म्हणाला.

कुठली दुपार, तिथली की इथली, वेळेचा मेळ बसतो का, हे मी ताडून पाहिलं नाही. मला ते पाहायचंच नव्हतं.

दिनकरला मी सगळं सांगितलं. वाटलं, तो हसेल किंवा चिडेल. त्याने फक्त विचारलं, "त्यांनी वळून बघितलं का?"

"नाही. पाठच दिसली."

"मलाही पाठच आठवते," तो म्हणाला. "पाठुंगळीला घेऊन न्यायचे बांधावर. मानेवरची केसांची रेघसुद्धा आठवते. तोंड काही केल्या आठवत नाही." त्याच्याकडे वडिलांचा एकही फोटो नव्हता.

पण मला त्याच्या दुःखाशी कर्तव्य नव्हतं. मी भीतीने पेटले होते. मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही माझं मूल कुणाला कबूल केलंत?"

"आजाला."

"आई, ते... ते आता माणूस नाहीत."

त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "गो, मी दाखवीन म्हनले. देईन नाय म्हनले." आणि नेहमीसारखे माझे पाय मांडीवर घेतले. त्यांचे हात गरम होते.

सप्टेंबरमध्ये स्वरा झाली. सासूबाईंनी तिला न्हाऊमाखू घातलं, शेक दिला, टाळू भरली. ऑक्टोबरमध्ये त्या परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुझ्या मनाला येईल तेव्हा ये. मी विचारनार नाय." आणि खरंच, फोनवर त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मी जाणार नव्हतेच. वर्ष, दोन वर्षं, पोर चालायला लागेपर्यंत. असं ठरवून टाकलं होतं.

मग डिसेंबरात एका सकाळी मी स्वराला पायांवर घेऊन आंघोळ घालत होते. पाणी कोमट होतं, हीटर चालू होता. आणि माझ्या टाचांखालची फरशी हळूहळू गार होत गेली. आवाज नाही, वास नाही. नुसता गारवा. दाराबाहेर कुणी खाकरतही नाही, फक्त उभं राहतं, तसा.

संध्याकाळी मी दिनकरला म्हटलं, "तिकिटं काढ."

८

उघाडी मी मनात फार मोठी केली होती. प्रत्यक्षात दगडी कमान जेमतेम माझ्या उंचीची, आणि त्यातलं दार काळं पडलेलं, कालवं चिकटलेलं, आमच्या फ्लॅटच्या दारापेक्षा थोडंसंच रुंद. जानेवारीची दुपार होती. बांधावर गवत पिवळं पडलं होतं, बगळे बसले होते. एका बाजूला कापणी झालेली कोरडी शेतं, दुसऱ्या बाजूला चढत जाणारी खाडी.

"भरती लागलीय," लक्ष्मीकांत म्हणाला. "आता हे दार दहा जनांनी ओढलं तरी उघडनार नाय."

सासूबाईंनी बाळासाठी हात पुढे केले. मी दिलं नाही. त्यांनी पुन्हा मागितलं नाही. नुसतं माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही तिघी दगडी पायऱ्यांवरून शेताच्या बाजूने खाली उतरलो. दिनकर मागे, वरच्या पायरीवर थांबला. खाली गारवा होता आणि तो वास होता. आता मलाही तो गटाराचा वाटला नाही.

स्वरा रडत होती. प्रवासापासून ती किरकिरच करत होती.

"अवं," सासूबाई दाराला म्हणाल्या. "आले बघा. नात हाय. स्वरा नाव ठेवलंय."

काही झालं नाही. पलीकडे पाणी दगडांवर चुळचुळत होतं. लक्ष्मीकांत वर उभा राहून दुसरीकडे बघत होता, लाजल्यासारखा. मलाही लाज वाटली. मी कुवेतहून एका लाकडाच्या फळीपुढे मूल दाखवायला आले होते.

मग दार हललं.

पाण्याचा सगळा भार त्याला बंद करत होता, आणि ते उघडत होतं. वीतभर फट पडली. तिच्यातून खारं पाणी धार धरून आत आलं, माझ्या पावलांवरून गेलं. वरून लक्ष्मीकांत ओरडला. फटीत अंधार होता. मी स्वराला छातीशी एवढं आवळलं की तिचा श्वास मला लागला, पण मला पाय उचलता येईना.

स्वरा रडायची थांबली. लहान मुलं जवळ येणाऱ्या चेहऱ्याकडे बघतात तशी तिची नजर फटीवर लागली, आणि मग थोडी वर सरकली.

"बाबा," दिनकर म्हणाला. तो कधी खाली आला मला कळलंही नव्हतं. तो त्या पाण्यात गुडघ्यांवर बसला आणि त्याने फटीशी तोंड नेलं. मला फक्त त्याची पाठ दिसत होती. त्याचा हात दाराच्या कडेवर होता, आणि दार तेवढा वेळ थांबलं होतं. त्याने काय पाहिलं ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं.

"बघितलीत ना?" सासूबाई म्हणाल्या. "झालं. आता धरा."

दार हललं नाही.

"पोरं बुडतील, अवं. धरा म्हनते ना."

दिनकरने हात काढून घेतला. दार बंद झालं. भरतीच्या जोराने ते धाडकन आपटायला हवं होतं. पण ते सावकाश लागलं, झोपलेल्या लेकराच्या खोलीचं दार लावावं तितकं सावकाश.